स्टार्टरच्या पेटीतलं सिमकार्ड

शेतीपंपाला थ्री फेज लाइट कधी दिवसा आठ तास, तर कधी रात्री दहा तास, असं पाळीचं गणित महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. रात्रीची पाळी म्हणजे बॅटरी घेऊन बांधावरून विहिरीपर्यंत जाणं. वाटेत साप-विंचू, आणि जुन्नर-आंबेगावकडे उसात बिबट्या. यंत्राने यंत्राशी बोलण्याची गरज इथे कुठल्या परिषदेत ठरली नाही, ती या बांधावर निर्माण झाली.

त्याआधी लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे ‘ऑटो’. स्टार्टरला ऑटो स्विच लावायचा, लाइट आली की मोटार आपोआप चालू. झोप मिळाली, पण एका डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठायच्या आणि डीपी जळायची. मग नवी डीपी येईपर्यंत सगळेच कोरडे.

मोबाइल स्वस्त झाल्यावर वेगळी वाट निघाली. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ हे तिचं सर्वांत गाजलेलं नाव. सुरुवातीच्या यंत्रांना चक्क साधा हँडसेट जोडलेला असे. पेटीला फोन लावायचा, तिकडून तो आपोआप उचलला जाई आणि बटणांच्या टोनवर मोटार चालू किंवा बंद होई. पुढे ठिकठिकाणच्या कारागिरांनी जीएसएम मॉड्यूल घालून असे स्टार्टर बनवायला घेतले. काहींत तर नुसत्या मिस कॉलवर काम भागे. फुकटात हुकूम सोडण्याची ही सोय, माझ्या मते, त्या काळातली सर्वांत हुशार कल्पना होती.

रेडिओलहरींचा भाग असा चटकन सुटला. खरी दमछाक केली ती विजेने. टूजी मॉड्यूल टॉवरशी बोलतं ते तुकड्यातुकड्याने: सेकंदाला सुमारे 217 झटके, प्रत्येक झटका अर्ध्या मिलिसेकंदाहून किंचित मोठा, आणि त्या क्षणी दोन अँपिअरपर्यंत प्रवाहाची मागणी. (फोन रेडिओजवळ ठेवला की ऐकू यायची ती टर्र-टर्र याचीच.) तेवढ्या क्षणात व्होल्टेज खाली आलं की मॉड्यूल बंद पडून पुन्हा सुरू होतं, म्हणजे ऐन वेळी पेटी मुकी. त्यात शेतातलं व्होल्टेज कधी पार पडलेलं, तर कधी भलतंच चढलेलं. ‘लाइट आली’ हे कळवणाऱ्या यंत्राला लाइट नसतानाही जागं राहावं लागतं, म्हणून आत बॅटरी आली, आणि उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या पेटीत ती बॅटरीच आधी दगा देऊ लागली. शिवाय लाइट जाऊन बराच वेळ झाला की टॉवरचाही बॅकअप संपतो. मग रेंजच नाही.

2018 च्या अखेरीस मोठ्या मोबाइल कंपन्यांनी इनकमिंग चालू ठेवायलाही किमान रिचार्ज सक्तीचा केला, 28 दिवसांना पस्तीस रुपयांपासून. माणसाच्या सिमला तो परवडला. पण वर्षातले काही महिनेच कामाला येणारं पेटीतलं सिम बिनरिचार्जचं राहून बंद पडू लागलं. त्याच वर्षी 1 जुलैपासून दूरसंचार विभागाने यंत्रांच्या नव्या जोडण्यांसाठी तेरा आकडी क्रमांक ठरवले, पण शेतकरी दुकानातलं साधं दहा आकडी सिमच आणून घालत राहिला. त्यातही जिओला टूजीच नाही, त्यामुळे जुन्या पेटीला ते चालत नाही. इतर अनेक देशांत टूजी बंद होत असताना आपल्याकडे ते टिकलं, त्याचा फायदा अशा पेट्यांना झाला.

2019 मध्ये सौर पंपांसाठीची कुसुम योजना आली, असे पंप वाढू लागले. दिवसा ऊन असताना पाणी द्यायचं, तेव्हा रात्रीची फेरी टळली. या पंपांच्या कंट्रोलरमध्येही सिम असतं. पंप किती चालला, वीज किती तयार झाली, हे ते कळवत राहतं. मात्र पूर्वीचं सिम शेतकऱ्याच्या फोनला जोडलेलं होतं, तर हे आधी सर्व्हरला जोडलेलं असतं.