लिंकचा रंग ठरवताना

सकाळी ९.३०
एका जुन्या वाचनालयाच्या मराठी संकेतस्थळाचं काम हातात आहे. आज लिंकचे रंग ठरवायचे. निळ्या लिंकची सवय जगाला १९९३च्या मोझॅक ब्राउझरपासून लागली. वाचनालयाला मात्र बोधचिन्हातला केशरी हवा आहे.

१०.१५
मोजून पाहिलं. पांढऱ्यावर या केशरीचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २.१ भरतो, डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या निकषांनुसार साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ लागतो. केशरी गडद करत विटकरीपर्यंत नेला, तेव्हा ५.५ आला. कार्यवाहांना फोन केला.
"साहेब, केशरी वरच्या पट्टीत ठेवतो, लिंक विटकरी करू."
"आमच्या ज्येष्ठ सभासदांना नीट वाचता येईल ना?"
"त्यांच्यासाठीच बदलतोय."
"मग करा."

११.३०
स्टाइलशीट लिहायला घेतली. क्रम ठरलेला: लिंक, व्हिजिटेड, होव्हर, ॲक्टिव्ह. चारही नियमांचं वजन सारखं, म्हणून खालचा वरच्यावर मात करतो. होव्हर व्हिजिटेडच्या आधी लिहिला, तर वाचलेल्या लिंकवर माउस नेऊनही रंग बदलत नाही. फोकसला जाड चौकट दिली. टॅब दाबत पुढे जाणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळायलाच हवं.

दुपारी १.३०
डबा खाऊन वाचलेल्या लिंकला जांभळा दिला. ग्रंथसूची चाळणाऱ्याला त्याने पुष्कळ फेऱ्या वाचतात. व्हिजिटेडच्या नियमात फक्त रंगच बदलता येतात. पूर्वी काही संकेतस्थळं याच नियमाच्या आडून वाचकाने कुठे काय पाहिलं ते हुडकत. २०१०पासून ब्राउझरांनी ती वाट बुजवत आणली. बंधन योग्यच आहे.

३.००
"रेघ काढून टाकूया का रे? उकार कापले जातायत," शेजारची सहकारी म्हणाली. खरंच, ‘पुस्तक’मधल्या उकाराला रेघ भिडत होती. पण रंगांधळ्या वाचकाला नुसत्या रंगावरून लिंक ओळखता येईलच असं नाही. ब्राउझरचा मूळ निळासुद्धा काळ्या मजकुराशेजारी २.२ एवढाच वेगळा पडतो. म्हणून रेघ ठेवली. पातळ करून थोडी खाली सरकवली. उकार मोकळे झाले.

५.००
डार्क मोड. काळ्यावर विटकरी ३.८वर अडला. सकाळचा केशरी लावून पाहिला, तर तो जवळजवळ १० भरला! कार्यवाहांना लगेच कळवलं: रात्री वाचणाऱ्यांना लिंक तुमच्याच केशरी रंगात दिसतील.