दोन घरचा पाहुणा

डहाणूहून जव्हारच्या रस्त्याला लागलं की वाटेत आमचं आशागड लागतं. भाताची कापणी झाली की या पट्ट्यात तारपा घुमू लागतो. सुकवलेला दुधी, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, असं ते वाद्य. वाजवणारा हवा पुरवतो. थरथरते ती नळीतली बांबूची पातळ जीभ.

मी वाजवतो ती पितळी वाद्यं. त्यांत अशी जीभ नसते. वाजवणाऱ्याचे ओठच थरथरतात आणि त्या ओठांना जागा देते ती एक छोटी वाटी. तिला आम्ही माउथपीस म्हणतो. माझं मूळ वाद्य बास ट्रॉम्बोन. पण बँडात ट्यूबावाला नसला की तो बोजाही माझ्याकडेच येतो. ट्रॉम्बोनची नळी सरळ केली तर साधारण नऊ फूट भरते. बी-फ्लॅट ट्यूबाची त्याच्या दुप्पट, म्हणून त्याचा आवाज एक सप्तक खाली. ट्रॉम्बोनवर आमच्या सवयीचा खालचा बी-फ्लॅट वाजवताना ओठ सेकंदाला सुमारे ११७ वेळा थरथरतात. ट्यूबावर त्याच जागचा सूर काढताना फक्त ५८ वेळा. इतक्या संथ थरथरीला ओठ मोकळे लागतात. म्हणून बास ट्रॉम्बोनच्या माउथपीसचा आतला व्यास २७-२८ मिलिमीटर असतो, तर ट्यूबाचा साधारण ३१ ते ३३.

आता प्रश्न निवडीचा. ट्रॉम्बोनवाल्याला मोह होतो तो सर्वांत लहान माउथपीसचा. ओठांना ओळखीचा वाटतो, वरचे सूर पटकन लागतात. पण ट्यूबाचं खरं काम खालीच असतं आणि तिथे आवाज बारीक, चिमटल्यासारखा येतो. सगळ्या बँडचा पायाच डगमगतो. उलट, रोज ट्यूबा वाजवणाऱ्याचा मोठा, खोल माउथपीस उसना घेतला तर पहिली पाच मिनिटं आवाज भरदार लागतो. मग दम पुरत नाही, सूर खाली घसरतो आणि मिरवणूक अजून अर्ध्या वाटेवरच असते.

माझा अनुभव सांगतो, मध्यम मापाचा, ३२ मिलिमीटरच्या आसपासचा घ्यावा. वाटी उथळ नसावी. कडेची गोलाई मात्र आपल्या ट्रॉम्बोनच्या कडेशी मिळतीजुळती असावी. जागा रुंद झाली तरी कड ओळखीची असली की ओठ गोंधळत नाहीत.

पण या सगळ्याच्या आधी पाहायची ती दांडी. ट्यूबाच्या माउथपीसची दांडी अमेरिकी आणि युरोपीय अशा दोन जाडींत मिळते. फरक मिलिमीटरभराचाही नसतो, पण बारीक दांडी मोठ्या नळीत डुगडुगते, हवा निसटते आणि सूर बिघडतो. तारप्याच्या फटी मेणानं बुजवता येतात. इथे कागद गुंडाळून एखादी वरात निभावेल, कायमचं भागणार नाही.

नुसत्या क्रमांकावरही विसंबू नये. बाख कंपनीच्या पद्धतीत आकडा लहान तेवढा माउथपीस मोठा; शिल्कीच्या पद्धतीत नेमकं उलटं. त्यामुळे मिलिमीटर विचारावेत.

दुकानात सगळे जण जोरात एक सूर फुंकतात आणि खूश होतात. तुम्ही दहा मिनिटं खालचे सूर हळू, लांब धरून पाहा. कुणाला तरी वीस पावलं दूर उभं करा. वाजवणाऱ्याला कानाजवळ ऐकू येणारा आवाज फसवा असतो. आणि शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची: ट्यूबा खाली ठेवून लगेच ट्रॉम्बोन उचला. पहिलाच सूर स्वच्छ लागला तर माउथपीस तुमचा. फुटला, तर तो कितीही गोड वाटला तरी परत द्या.

कारण दोन वाद्यं वाजवणाऱ्याची पोटापाण्याची भांडवलं दोन नसतात, एकच असतं: त्याचे ओठ. नव्या वाद्यापायी जुन्यावरचा हात गेला, तर दोन घरचा पाहुणा उपाशी राहायला वेळ लागत नाही. म्हणून माउथपीस योग्य मिळाल्यावरही सरावाची सुरुवात आणि शेवट ट्रॉम्बोननंच करावा. ट्यूबा मधल्या वेळात.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)