उजव्या खुर्चीत कोण बसणार?

9 जून 2025 रोजी सोलापूर–गोवा विमान सुरू झालं, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईचंही. होटगी रस्त्यावरच्या या विमानतळापायी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023मध्ये पाडली गेली. ती पाडण्यावरून झालेल्या वादाची धग सोलापुरात अजून पुरती विझलेली नाही. पण विमान दिसू लागलं, तसा वळसंग, होटगी, अक्कलकोट या पट्ट्यातल्या घरांत एक नवा विषय आला आहे. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स असलेली मुलगी किंवा मुलगा विचारतो, पायलट व्हायचं तर कुठे जायचं? वळसंगहून पाहिलं तर जवळची दोन नावं पुढे येतात, पश्चिमेला बारामती आणि पूर्वेला कलबुर्गी. चौकशी सुरू होते. फी किती? पन्नास लाखांच्या आसपास. बँक कर्ज देते का? विमानं किती आहेत, कोर्स किती दिवसांत संपतो, नोकरी लागते का? हे सगळं विचारून होतं. आपल्या लेकराच्या शेजारी उजव्या खुर्चीत कोण बसणार, हे मात्र बहुतेक पालक विचारत नाहीत. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

प्रशिक्षणाच्या विमानात विद्यार्थी डावीकडे बसतो आणि इन्स्ट्रक्टर उजवीकडे. गर्दीच्या फ्लाइंग स्कूलमध्ये हा इन्स्ट्रक्टर अनेकदा विशीतलाच असतो, विद्यार्थ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. त्याचं स्वतःचं लायसन्स तसं ताजं असतं. भारतात कमर्शियल पायलट लायसन्सला 200 तासांचं उड्डाण लागतं. त्यानंतर शिकवायचं असेल तर वेगळं प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन आधी असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग घ्यावं लागतं, आणि अनुभव साठला की पूर्ण इन्स्ट्रक्टरचं. असिस्टंट असेपर्यंत तो वरिष्ठाच्या देखरेखीखाली शिकवतो. विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकट्याने विमान घेऊन सोडायचं की नाही, हे ठरवणारा माणूस वरिष्ठच असतो. ही पायरी फार विचारपूर्वक ठेवलेली आहे. प्रश्न आहे तो तिच्यावर पाऊल ठेवणाऱ्याला तिथे पुरेसा वेळ मिळतो का, हा.

नवी माणसंच या खुर्चीत का येतात, याचं कारण सरळ आहे. विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून गेलं की पगार, प्रतिष्ठा आणि मोठं विमान हे सगळं एकदम मिळतं. 2023मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदवली. त्याच वर्षी देशात 1,622 कमर्शियल लायसन्स दिली गेली, तोवरचा तो उच्चांक होता. मात्र लायसन्स मिळालं म्हणजे लगेच नोकरी मिळते असं नाही. कंपनीच्या बोलावण्याची वाट पाहताना हात सुटू नये आणि लॉगबुकात तास वाढावेत म्हणून कित्येक जण शिकवायला लागतात. बोलावणं आलं की ते जातात आणि त्यांच्या जागी पुन्हा नवा माणूस येतो. अमेरिकेत 2009मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान कोसळल्यानंतर कायदा बदलला. 2013पासून तिथे विमान कंपनीत शिरायला साधारणपणे 1,500 तास लागतात, त्यामुळे तिथले तरुण वैमानिक वर्ष-दोन वर्षं शिकवण्यातच काढतात. आपल्याकडे तशी सक्ती नाही. ती असावी असंही मी म्हणणार नाही, कारण तास भरायचे म्हणून शिकवणारा माणूस विद्यार्थ्याच्या काय कामाचा? पण शिकवण्यात मुरलेली माणसं आपल्याकडे टिकत नाहीत, हे मान्य करावंच लागेल.

आता त्या खुर्चीतलं काम जवळून पाहू. स्वतः शिकताना इन्स्ट्रक्टरचा डावा हात योकवर, म्हणजे विमानाच्या सुकाणूवर, आणि उजवा इंजिनाची ताकद ठरवणाऱ्या थ्रॉटलवर होता. उजवीकडे बसल्यावर हे उलटं होतं. वेग-उंची दाखवणाऱ्या तबकड्या समोर नसून डावीकडे तिरप्या दिसतात. नाक धावपट्टीच्या मध्यरेषेवर आहे की नाही, हा डोळ्यांचा अंदाजही नव्याने बसवावा लागतो. त्यातच उडवता उडवता बोलायचं असतं. हात जे करतो आहे ते त्याच क्षणी, मोजक्या शब्दांत आणि ठरलेल्या क्रमाने सांगायचं. याला पॅटर म्हणतात. आधी करून दाखवायचं, मग सांगत सांगत करून घ्यायचं, आणि मग गप्प बसायचं. नव्या इन्स्ट्रक्टरला सगळ्यात जड जातं ते हे गप्प बसणं.

लँडिंगचंच घ्या. सेसना 152 हे छोटं विमान साधारण 60 नॉटने, म्हणजे ताशी 110 किलोमीटरने, धावपट्टीकडे उतरत येतं. जमीन दहा-पंधरा फुटांवर आली की नाक हळूहळू उचलून उतरण्याचा वेग मोडायचा असतो. हा फ्लेअर. घाबरलेला विद्यार्थी तो लवकर करतो, तोही झटक्याने. विमान खाली बसायच्या ऐवजी पुन्हा वर उचललं जातं आणि वेग झपाट्याने घटतो. आता काही केलं नाही तर ते वीस फुटांवरून आपटेल. इन्स्ट्रक्टरच्या हाती दोन-तीन सेकंद असतात. पहिल्याच सेकंदाला त्याने विमान ओढून घेतलं, तर विद्यार्थी चूक ओळखायला आणि दुरुस्त करायला कधीच शिकणार नाही. तिसऱ्या सेकंदानंतर घेतलं, तर नाकाचं चाक मोडेल. म्हणून त्याचा डावा हात थ्रॉटलच्या मागे, न टेकता तयार असतो. मराठी पोरगं असेल तर गडबडीत इंग्रजी गळून पडतं आणि उजवीकडून आवाज येतो, ‘‘धर… धरून ठेव… ढकलू नकोस.’’ सावरलं तर ठीक. नाहीतर ‘‘आय हॅव कंट्रोल,’’ पूर्ण थ्रॉटल, आणि पुन्हा एक फेरी. हे तीन शब्द उच्चारले की विद्यार्थ्याने हात सोडायचे आणि ‘‘यू हॅव कंट्रोल’’ असं उत्तर द्यायचं. विमान कोणाच्या हातात आहे याबद्दल क्षणभरही संदिग्धता राहता कामा नये. पुस्तकात हे एका परिच्छेदात मावतं, हाताला मात्र कळायला कित्येक महिने जातात.

गर्दीच्या शाळेत या फेऱ्या एकामागून एक चालतात. धावपट्टीभोवती हजारेक फुटांवर आयताकृती सर्किट, त्यात एकाच वेळी चार-पाच विमानं. कोणी धावपट्टीला समांतर डाऊनविंडला, कोणी उतरणीच्या फायनलवर, कोणी चाकं टेकवून, म्हणजे टच अँड गो करून, पुन्हा वर. रेडिओवर आवाज आदळत असतात. इन्स्ट्रक्टरचा एक कान तिकडे, एक डोळा बाहेर आणि एक विद्यार्थ्याच्या पायांवर. फेरी संपली की डीब्रीफ, म्हणजे झालेल्या उड्डाणाची उजळणी, नोंदी, आणि पुढचा विद्यार्थी दारात उभा.

सोलापूर-बारामतीच्या पट्ट्यात उन्हाची भर पडते. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर आहे. मे महिन्यात पारा 42वर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने ती साधारण पाच हजार फुटांवरची हवा ठरते. पंख कमी उचलतात, इंजिन कमी ओढतं, धावपट्टी जास्त लागते. सेसना 152चं कमाल वजन 757 किलो. रिकामं विमान पाचशेच्या पुढे, भरल्या टाकीतलं इंधन पासष्टच्या वर. म्हणजे दोन माणसांना मिळून पावणेदोनशे किलो, किंवा त्याहूनही कमी. दोघेही दणकट असतील तर इंधन कमी घ्यावं लागतं. दुपारी जमीन तापून हवा उसळायला लागली की विमान स्थिर राहत नाही, म्हणून शिकवणीचा खरा वेळ पहाट आणि संध्याकाळ. पावसाळ्यात ढग आणि कमी दृश्यमानता यांत दिवस वाया जातात. ते भरून काढायची घाई पुढच्या महिन्यांत होते, आणि तिचा भार त्याच उजव्या खुर्चीवर पडतो.

विमानांचे तास वाढावेत, कोर्स लवकर संपावेत, असं धोरणही आहे. उड्डाणांना मंजुरी देण्याचा अधिकार पूर्वी चीफ किंवा डेप्युटी चीफ फ्लाइट इन्स्ट्रक्टरपुरता होता. नोव्हेंबर 2021मध्ये नियम बदलून तो फ्लाइट इन्स्ट्रक्टरलाही देण्यात आला. एका माणसाच्या सहीसाठी विमानं खोळंबून राहू नयेत, हा हेतू रास्त आहे. पण अधिकार खाली आला की त्याबरोबर अनुभवही खाली यावा लागतो. ऑक्टोबर 2023मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं कोसळली. देशातल्या विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने संबंधित संस्थेचं प्रशिक्षण काही काळ थांबवून तपासणी केली. 2025च्या ऑक्टोबरात डीजीसीएने पहिल्यांदाच देशातल्या फ्लाइंग स्कूलची श्रेणी जाहीर केली. 35 संस्थांपैकी ‘ए’ किंवा ‘ए प्लस’मध्ये एकही बसली नाही, 13 ‘बी’त आणि 22 ‘सी’त. पन्नास लाख मोजणाऱ्या घराने हे आकडे दोनदा वाचावेत.

शिकवणाऱ्याला शिकवावं लागतं, हे जगाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये प्रशिक्षणातच इतके वैमानिक मरत होते, की मेजर रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी 1917मध्ये गॉस्पोर्ट इथे खास इन्स्ट्रक्टरांना तयार करणारी शाळा उभी केली. दुहेरी कंट्रोल असलेलं विमान, शिकवणाऱ्याचा आवाज विद्यार्थ्याच्या कानापर्यंत नेणारी नळी, आणि धोकादायक स्थिती टाळत बसण्यापेक्षा तिच्यातून बाहेर कसं पडायचं हे सोबत बसून शिकवणं, ही त्यांची पद्धत. 1928मध्ये स्थापन झालेल्या आणि आज धुळ्याला प्रशिक्षण देणाऱ्या बॉम्बे फ्लाइंग क्लबपासून कालपरवाच्या संस्थांपर्यंत, उजव्या खुर्चीतली ही रीत तिथूनच आलेली आहे. जे. आर. डी. टाटांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी आपल्या देशातलं पहिलं लायसन्स मिळालं. त्यांच्याही शेजारी कोणीतरी इन्स्ट्रक्टर बसलाच होता.

शाळांनी नव्या इन्स्ट्रक्टरला पहिले काही महिने मोजकेच विद्यार्थी द्यावेत. वरिष्ठाने अधूनमधून मागच्या किंवा शेजारच्या खुर्चीत बसून त्याचं शिकवणं ऐकावं. ज्या शाळांत मेहनताना उडालेल्या तासांवर मोजला जातो, तिथे निदान मूळ पगार पक्का असावा. त्याशिवाय आभाळ गढूळ दिसत असताना ‘आज नको’ म्हणण्याची हिंमत विशीतल्या माणसाकडून कशी अपेक्षावी? आणि ज्याला शिकवण्यातच रस आहे, त्याला त्याच खुर्चीत राहून चांगलं आयुष्य काढता येईल अशी वाट असावी. हे खर्चाचं आहे हे खरं, पण फी पाहता अशक्य नाही.

पालकांनो, प्रवेशाआधी एकदा शाळेत स्वतः जा. हँगरमधल्या विमानांची संख्या मोजून परत फिरू नका. एका इन्स्ट्रक्टरकडे किती विद्यार्थी आहेत, विचारा. पूर्ण रेटिंगवाले किती आणि असिस्टंट किती, त्यांच्यावर देखरेख कोण ठेवतं, गेल्या वर्षभरात किती जण सोडून गेले, हे विचारा. जमल्यास सकाळी सहाला जाऊन एखाद्या फ्लाइटनंतरचा डीब्रीफ लांबून पाहा. इन्स्ट्रक्टर विद्यार्थ्याजवळ निवांत बसतो आहे, की घड्याळ बघत पुढच्या विमानाकडे पळतो आहे, ते तुम्हाला दिसेल. उत्तर टाळणाऱ्या शाळेला पैसे देऊ नका.