अंगावरून जास्त जाते? गर्भाशयातील गाठींची शंका घ्या

दिवेआगरची सुपारीची वाडी असो की पर्यटकांसाठी चालणारी घरगुती खानावळ, घरच्या बाईला बसायला उसंत नसते. पाळीत अंगावरून भरपूर गेले, गुठळ्या पडल्या, तरी 'चाळिशी आली, आता असंच व्हायचं' असे शेजारीण सांगते आणि तिलाही ते पटते. पुढे विहिरीवरून कळशी आणताना धाप लागते, छातीत धडधडते, चेहरा पांढुरका पडतो. डॉक्टरांकडे ती येते ती 'थकवा वाटतो, टॉनिक द्या' म्हणून. पाळीचा विषय विचारल्याशिवाय निघत नाही.

अशा रक्तस्रावामागे पुष्कळदा गर्भाशयातील गाठी असतात. डॉक्टर त्यांना फायब्रॉइड म्हणतात. गर्भाशयाची भिंत स्नायूंची असते. त्या स्नायूंच्या पेशी एका जागी वाढून घट्ट, गोल गाठ होते. ती वाटाण्याएवढी असेल, सुपारीएवढी असेल, क्वचित नारळाएवढीही. कधी एकच, कधी पाच-सहा. बीजकोशातून येणाऱ्या संप्रेरकांवर ती पोसते. म्हणून तीस ते पन्नास या वयात जास्त आढळते आणि पाळी गेल्यावर सहसा आक्रसते. आई किंवा बहिणीला गाठी असल्यास शक्यता वाढते. उष्ण पदार्थ खाल्ल्याने गाठ होते, ही समजूत मात्र खरी नाही.

'गाठ' म्हटले की घरात रडारड सुरू होते. ही गाठ कर्करोगाची नव्हे आणि तिचे कर्करोगात रूपांतर होणे अत्यंत दुर्मिळ आहे.

त्रास किती होणार हे आकारापेक्षा जागेवर ठरते. आतल्या अस्तराखाली असलेली सुपारीएवढी गाठ रक्त थांबू देत नाही. बाहेरच्या अंगाला वाढलेली मोठी गाठ मात्र पाळी बिघडवत नाही. ती मूत्राशयावर दाबते, मग वारंवार लघवीला जावे लागते, बद्धकोष्ठ होते, ओटीपोट जड वाटते. काही जणींना गर्भ राहण्यात अडचण येते किंवा गर्भपात होतो. कित्येकींना तर काहीच जाणवत नाही.

जास्त जाते म्हणजे किती? पाळी सात दिवसांपेक्षा लांबते, दर एक-दोन तासांनी घडी किंवा पॅड बदलावे लागते, रात्री उठावे लागते, मोठ्या गुठळ्या पडतात, यांपैकी काहीही दर महिन्याला होत असेल तर तपासणी हवी. कॅलेंडरवर खुणा करून ते डॉक्टरांना दाखवावे. निम्मे निदान तिथेच होते. पोटाची सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन या दोन साध्या तपासण्या पुरतात. स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की पंडुरोग समजावा.

आपल्याकडे गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेतल्या जातात. गाठ असलेल्या बाईला गोळ्या थांबल्यावर पूर येतो आणि दोष गोळीवर जातो. गाठ राहते ती तशीच.

त्रास नसलेल्या गाठीला उपचार लागत नाही, अधूनमधून सोनोग्राफी करून लक्ष ठेवले की झाले. रक्तस्राव कमी करणारी औषधे, लोहाच्या गोळ्या, संप्रेरक असलेली तांबीसारखी वस्तू गर्भाशयात बसवणे, मूल हवे असेल तर फक्त गाठ काढणे, असे मार्ग आहेत. पिशवी काढणे हा त्यांतला शेवटचा. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत चाळिशीच्या आतल्याही पुष्कळ होत्या. तरुण वयात पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर हाडे लवकर ठिसूळ होतात. म्हणून 'पिशवी काढून टाका' असे पहिल्याच भेटीत सांगितले, तर श्रीवर्धन, अलिबाग, जिथे जमेल तिथे दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे. मात्र गाठ मोठी असेल, औषधांनी रक्त थांबत नसेल आणि मुले झाली असतील, तर शस्त्रक्रियेला घाबरून अंगावर काढण्यातही शहाणपण नाही.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, मग ते थेंबभर का असेना, तर 'जुनी गाठ असेल' म्हणून थांबू नये. तिथे आधी कर्करोग नाही ना हे पाहावे लागते. त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.