फादर सांतापाऊ आणि खंडाळ्याची वनश्री

मुलांनीं पाला गोळा करण्यांत वेळ कां दवडावा, असें एका पालकांनीं आम्हांस विचारलें होतें. त्यांस उत्तर म्हणून एका धर्मगुरूंची हकीकत सांगतों.

फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ ह्यांचा जन्म स्पेन देशांत, तारागोना प्रांतांतील ला गालेरा गांवीं, ता. ५ डिसेंबर १९०३ रोजीं झाला. येशूसंघांत प्रवेश करून ते भारतांत आले. लंडन विद्यापीठाची वनस्पतिशास्त्रांतील डॉक्टर ही पदवी त्यांनीं संपादन केली, व १९४० सालीं मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत ते अध्यापक झाले. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ सालीं, आणि पुरंदरच्या वनस्पतींवरील १९५८ सालीं प्रसिद्ध झाला.

खंडाळ्याचा घाट आपणांपैकीं पुष्कळांनीं आगगाडींतून पाहिला असेल. बोगदे मोजण्याच्या नादांत झाडांकडे लक्ष थोडक्यांचेंच जातें. आमचेंही कित्येक वर्षें गेलें नव्हतें.

आतां अशा ग्रंथाची सामग्री कशी जमवितात तें पाहूं. पान, फूल व मिळाल्यास फळ असलेली डहाळी आणावयाची. ती टीपकागदांत पसरून दाबावयाची. ओले झालेले कागद वरचेवर बदलावयाचे. आणि सुकल्यावर जाड कागदावर चिकटवून स्थळ, तारीख व गोळा करणाराचें नांव लिहावयाचें. ऐकावयास हें सोपें आहे. परंतु फुलावांचून वनस्पतीची ओळख बहुधा पटत नाहीं, आणि घाटांतील कित्येक रोपें पावसाळ्यांतच उगवून, फुलून नाहींशीं होतात. म्हणजे ज्या दिवसांत कागद सुकत नाहीं, त्याच दिवसांत काम अधिक! कारवी तर साधारणतः सात वर्षांनीं एकदां फुलते. तो बहर हुकला तर पुन्हां तितकींच वर्षें थांबावें लागतें.

स्थळ व तारीख नसलेली डहाळी म्हणजे नुसता वाळलेला पाला. तीं असलीं म्हणजे ती साक्ष होते. रान तुटलें, रस्ता झाला, तरी अमुक दिवशीं येथें हें झाड होतें, एवढें त्या कागदावरून निश्चित सांगतां येतें.

सरकारनें १९५४ सालीं भारतीय वनस्पति-सर्वेक्षण खात्याची नवी घडी बसविली, तेव्हां फादर तेथें मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ झाले व पुढें संचालक. १९६७ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, ता. १३ जानेवारी १९७० रोजीं ते निवर्तले.

सेंट झेवियर्स कॉलेजांतील वनस्पतिसंग्रहास फादर ब्लाटर ह्या स्विस धर्मगुरूंचें नांव आहे. सांतापाऊंनीं जमविलेल्या डहाळ्या तेथें आहेत. त्यांवरील स्थळ वाचून, तें झाड तेथें अजून उभें आहे कीं नाहीं, हें कोणासही जाऊन पाहतां येईल.