मोठ्या नमुना-विमानात पेट्रोल इंजिन बसविताना



डिसेंबर २०२१ मध्ये आमच्या ग्वाल्हेरात, माधव इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्सच्या आवारात, ड्रोन-मेळा भरला होता. तेव्हापासून इंदरगंजातील शाळकरी मुलांच्या बोलण्यात उडत्या यंत्रांचा विषय वारंवार येऊ लागला आहे. ड्रोनना विजेची मोटार पुरते. परंतु ज्याच्या पंखांचा विस्तार सव्वादोन मीटर आणि वजन सात-आठ किलोग्रॅम आहे, अशा रेडिओने चालविल्या जाणाऱ्या नमुना-विमानाला पुष्कळ छांदिष्ट लोक अजूनही पेट्रोलचे इंजिनच बसवितात. ते कसे बसवावे, याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

हे इंजिन आपल्याला अगदीच अपरिचित नाही. कायनेटिकची लूना १९७२ मध्ये रस्त्यावर आली, तिचे इंजिन ५० घनसेंटीमीटरचे, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारे. आपल्या विमानाचे इंजिनही जवळजवळ तेवढेच आणि त्याच जातीचे. मात्र वजनाला दीड-पावणेदोन किलोग्रॅम आणि शक्तीने लूनेहून कितीतरी तेज. लूनेचे इंजिन लोखंडी सांगाड्यात बसलेले असते. येथे त्याला आधार आहे तो लाकडी भिंतीचा. सारी अडचण आहे ती येथे.

इंजिन विमानाला पुढे ओढते, म्हणून ते ओढीने निखळेल अशी नवशिक्याची समजूत असते. ओढ बारा-तेरा किलोग्रॅमची असते, ती चांगले लाकूड सहज सोसते. खरा शत्रू कंप होय. मिनिटाला ७,००० फेरे घेणारे एका सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला एक धक्का देते. दहा मिनिटांच्या उड्डाणात असे सत्तर हजार धक्के बसतात, आणि प्रत्येक धक्का बोल्ट सैल करावयास, डिंक उकलावयास आणि लाकूड दाबावयास टपलेला असतो.

हे मला पुस्तकाने शिकविले नाही. एका नाताळच्या सुटीत आम्ही माडीवर विमान तयार केले. धडाच्या पुढच्या भागाला पेट्रोलने बिघडू नये म्हणून आधीच रंग लावून ठेवला होता, आणि मी घाईने त्या रंगावरच इंजिनाची भिंत डिंकाने चिकटविली. मैदानावर चाचणी घेताना एका विद्यार्थ्याने शेपूट धरले होते. इंजिन पूर्ण वेगात येताच पुढचा भाग किंचित खाली झुकल्यासारखा दिसला. मी ठिणगीचा खटका बंद केला. उघडून पाहिले, तो डिंक शाबूत होता आणि त्याच्या पाठीला रंगाचा पापुद्रा स्वच्छ सोलून आला होता. पंखा ५५ सेंटीमीटर लांबीचा होता. त्या वेगाला त्याचे टोक ताशी सातशे किलोमीटरहून अधिक गतीने फिरते. मुलगा पाठीमागे होता, बाजूला नव्हता, एवढेच आमचे भाग्य.

म्हणून पहिला नियम या भिंतीचा, जिला छांदिष्ट लोक फायरवॉल म्हणतात. ती सहा मिलिमीटर जाडीच्या, पोकळ्या नसलेल्या उत्तम प्लायवूडची असावी. डिंक कोऱ्या, खरवडलेल्या लाकडालाच लावावा, आणि तो सावकाश घट्ट होणारा इपॉक्सी असावा. पाच मिनिटांत सुकणारा येथे उपयोगाचा नाही. आतल्या चारही कोपऱ्यांत त्रिकोणी लाकडी पट्ट्या बसवाव्यात आणि बाजूंनी लाकडी खुंट्या ठोकाव्यात, म्हणजे सारा भार एकट्या डिंकावर राहत नाही. पेट्रोल व तेल यांपासून रक्षण करणारा लेप शेवटी, सर्व भोके पाडून झाल्यावर, भोकांच्या आतूनही लावावा.

आता भोके कोठे पाडावयाची? विमान चालकाच्या जागेवरून पाहिल्यास पंखा उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, आणि त्यामुळे विमानाचे नाक डावीकडे ओढले जाते. यावर उपाय म्हणून इंजिनाचा दांडा एक ते तीन अंश उजवीकडे वळवितात. आराखड्यात जो आकडा असेल तोच मानावा. परंतु इंजिन भिंतीच्या मध्यावर बसवून वळविले, तर पंख्याचा मध्य धडाच्या मध्यरेषेपासून सरकतो. भिंतीपासून पंख्यापर्यंत अंतर १७ सेंटीमीटर आणि वळण २ अंश असेल, तर हा फरक सुमारे ६ मिलिमीटर भरतो. तेवढेच इंजिन भिंतीवर डावीकडे सरकवून बसविले की पंखा बरोबर मध्यावर येतो. गुण्या लावून आधी दोन्ही मध्यरेषा पेन्सिलीने आखाव्यात. भोक एकदा चुकले की त्याला दुसरे भोक जवळ येऊन लाकूड कमकुवत होते. काही भिंती मुळातच तिरप्या बसविलेल्या असतात. अशा वेळी पुन्हा वळण देणे ही दुप्पट चूक ठरेल.

इंजिन बहुधा चार धातूच्या नळ्यांवर उभे राहते. बोल्टला भिंतीच्या आतून रुंद वायसर द्यावे, नाहीतर काही उड्डाणांनंतर लाकूड दबून बोल्ट ढिला होतो. धातूच्या आट्यांवर आटे धरून ठेवणारा द्रव लावावा. तो लावण्यापूर्वी तेलाचा अंश पुसून काढणे अगत्याचे आहे.

नळ्यांची लांबी ठरविताना तोलाचा विचार करावा लागतो. १,६०० ग्रॅमचे इंजिन २ सेंटीमीटर पुढे सरले, तर नाक जड होते. तो तोल पुन्हा साधावयास १६० ग्रॅमची बॅटरी २० सेंटीमीटर मागे न्यावी लागेल. शेपटीत शिसे भरण्यापेक्षा बॅटरी हलविणे केव्हाही बरे, कारण शिशाचे वजन विमानाला उगाच वाहावे लागते.

ठिणगी उत्पन्न करणारी पेटी आणि रेडिओचा ग्राहक यांत निदान ३० सेंटीमीटर अंतर ठेवावे, आणि कार्बोरेटरपर्यंत जाणारी काडी नायलॉनची असावी. लोखंडी काडी ठिणगीचा व्यत्यय रेडिओपर्यंत पोहोचवू शकते. टाकीचे बूच व नळ्या पेट्रोल सोसणाऱ्याच घ्याव्यात. सिलिकॉनची नळी पेट्रोलने फुगते. तेलाचे प्रमाण निर्मात्याने दिलेले असेल तेच. बहुधा ३० ते ४० भाग पेट्रोलास १ भाग.

आमच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो, तेव्हा हवेची बाब विशेष जपावी लागते. इंजिनावरील आवरणाला पुढे भोक ठेवले म्हणजे काम संपले असे नव्हे. गरम झालेली हवा फुगते, म्हणून बाहेर पडण्याची वाट आत येण्याच्या वाटेच्या दुप्पट-तिप्पट असावी, आणि आत आलेली हवा सिलिंडरच्या पापुद्र्यांमधूनच जाईल अशी आतून पातळ पट्टी लावावी.

एवढ्या खटाटोपाला काय अर्थ, असे कोणी विचारील. ऑगस्ट २००३ मध्ये अमेरिकेच्या मेनार्ड हिल यांनी बाल्साच्या लाकडाचे, पाच किलोग्रॅमहून कमी वजनाचे एक नमुना-विमान न्यूफाउंडलंडहून आयर्लंडला पाठविले. ते ३८ तास ५२ मिनिटे हवेत होते. हिल यांची दृष्टी तेव्हा जवळजवळ गेलेली होती. दीड दिवसाहून अधिक काळ त्या छोट्या इंजिनाचे धक्के त्या लाकडाने सोसले, ही गोष्ट जोडणीचे मोल सांगावयास पुरेशी आहे.

ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना एक वेगळी सूचना. महाराजपूरला वायुसेनेचा तळ आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे असे प्रदेश ठरविले आहेत. नमुना-विमानही २५ किलोग्रॅमच्या आत, दृष्टीच्या टप्प्यात आणि शिक्षण, संशोधन वा करमणूक यांसाठीच असावे लागते. मैदान निवडण्यापूर्वी शासनाने प्रसिद्ध केलेला नकाशा पाहावा, आणि शंका असेल तेथे उडवू नये.

पहिली चाचणी जमिनीवर घ्यावी. विमान मागून बांधून ठेवावे आणि पंख्याच्या रेषेत, पुढे वा बाजूला, कोणीही उभे राहू नये. ठिणगीचा खटका पंख्यापासून दूर, पाठीमागून हात पोहोचेल असा असावा. पाच मिनिटे चालवून इंजिन थंड झाले की आवरण काढावे, प्रत्येक बोल्टला पाना लावून पाहावा, आणि डिंकाच्या सांध्यावर बोट फिरवून बारीकशी रेघ उमटली आहे का ते तपासावे. पहिल्या चार-पाच उड्डाणांनंतर दर वेळी हेच करावयाचे आहे.