शुश्रूषेचा पगार आणि शेतीचे करमाफ उत्पन्न

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वसाहतींतून आता एक दृश्य नवलाचे राहिलेले नाही. पलंगावर ऐंशी ओलांडलेले आजोबा, मुलगा नोकरीनिमित्त परगावी किंवा परदेशी, सून दिवसभर कामावर. आणि उशाशी औषधांच्या बाटल्या लावीत बसलेली एक मध्यम वयाची बाई. घरातील लहानथोर तिला मावशी म्हणतात. ती त्याच घरात राहते, तेथेच जेवते, रात्री रुग्णाच्या खोलीतच खाट टाकून निजते, आणि आजोबा खोकले की जागी होते. सणावाराला दोन दिवस गावी जाऊन येते, तेवढीच तिची रजा.

उदाहरणादाखल अशा एका मावशी फुलंब्री तालुक्यातल्या आहेत असे धरावे. पती निवर्तले, अडीच एकर जमीन मागे राहिली. ती त्यांनी दिराला बटईने लावून दिली आहे. मका, कपाशी आणि पाणी पुरले तर थोडे आले, असे पीक निघते व निम्मा वाटा मावशींना येतो. इकडे दरमहा पगार बँकेत जमा होतो. जुलै महिना आला, आयकराच्या विवरणपत्राची चर्चा घरात सुरू झाली, की शेजारचा कोणी जाणकार सांगून जातो, "मावशी, तुम्ही कशाला घोर करता? सगळेच शेतीत दाखवा. शेतीला कर नाही." सल्ला ऐकावयास गोड आहे, देणाऱ्याचा हेतूही वाईट नसतो. परंतु तो चुकीचा आहे, आणि त्याचे ओझे सल्ला देणाऱ्यावर न पडता मावशींवर पडावयाचे.

घोटाळ्याचे मूळ दोन गोष्टी एकच समजण्यात आहे. एक उत्पन्न मुळातच करमाफ असते, ते कितीही असो. दुसरे उत्पन्न करपात्रच असते, पण ठराविक मर्यादेच्या आत असल्यामुळे त्यावर प्रत्यक्ष कर पडत नाही. बटईचा वाटा हे पहिल्या जातीचे, शुश्रूषेचा पगार हे दुसऱ्या जातीचे. दोन्हींवर शेवटी शून्यच कर आला, तरी विवरणपत्रात त्यांच्या जागा निरनिराळ्या आहेत, आणि एकाला दुसऱ्याच्या जागी बसविता येत नाही.

शेतीला ही माफी कोठून आली, हा इतिहास मनोरंजक आहे. १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० साली हिंदुस्थानात आयकर आणला, तेव्हा शेतीचे उत्पन्न त्यातून सुटलेले नव्हते. १८८६ च्या कायद्याने ते वगळले गेले. जमीनमहसूल देणाऱ्याने त्याच जमिनीवर पुन्हा आयकर का द्यावा, हा युक्तिवाद त्यामागे होता. १९३५ च्या कायद्याने शेतीच्या उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार प्रांतांकडे गेला, आणि राज्यघटनेनेही तीच वाटणी ठेवली. आयकर केंद्राचा, पण शेतीच्या उत्पन्नावरील कराचा विषय राज्यांच्या सूचीत. फुलंब्रीचा विचार केला, तर हा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा आयकर कायदा येथे लागूच नव्हता. तो १ एप्रिल १९५० पासून लागू झाला. १९६१ च्या आयकर कायद्याने ही माफी चालू ठेवली, आणि त्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून येणाऱ्या २०२५ च्या कायद्यातही ती कायम आहे.

आता शेतीचे उत्पन्न म्हणजे काय? स्वतः कसून काढलेले पीक तर त्यात आहेच. पण शेतीसाठी दिलेल्या जमिनीचा खंड किंवा वाटाही आहे. म्हणून मावशी शहरात राहत असल्या, वर्षभर नांगराला हात लावीत नसल्या, तरी बटईचा वाटा शेतीचेच उत्पन्न ठरतो. ठोक्याने जमीन दिली व रोख रक्कम घेतली, तरी तेच. याच्या उलट स्थिती सालगड्याची. मराठवाड्यात पाडव्याला साल ठरते. सालगडी मळ्यातच राहतो, उन्हापावसात राबतो, सारे पीक त्याच्या घामावर उभे असते. तरीसुद्धा त्याची मजुरी कायद्याच्या दृष्टीने शेतीचे उत्पन्न नव्हे. कारण ती त्याला जमिनीतून मिळत नाही, मालकाशी केलेल्या करारातून मिळते. राबणाऱ्याची मजुरी करपात्र आणि न राबणाऱ्याचा खंड माफ, हे ऐकून कोणाचेही मन क्षणभर अडखळेल. अडखळावे असेच ते आहे. पण कायदा घामाकडे पाहत नाही, पैसा कोणत्या झऱ्यातून आला हे पाहतो.

हा झऱ्याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९५४ मध्ये मुंबईच्या बाचा गझदर यांच्या खटल्यात स्पष्ट केला. त्या चहाच्या कंपन्यांच्या भागधारक होत्या. कंपनीच्या उत्पन्नापैकी शेकडा साठ भाग शेतीचा म्हणून माफ होता. तेव्हा आपल्या लाभांशाचाही तेवढा भाग माफ असावा, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. लाभांशाचा निकटचा उगम कंपनीचा भाग आहे, चहाचा मळा नव्हे. हाच न्याय मावशींच्या पगाराला लावला, तर शेजाऱ्याच्या सल्ल्याची वासलात लागते. आजोबांच्या घरचा पैसा पेन्शनचा असो, व्यापाराचा असो, की त्यांच्या स्वतःच्या शेतीचा असो; मावशींच्या हाती येताना तो पगारच होतो. गावाकडे ठेवलेल्या म्हशीच्या दुधाचे पैसेही, जाता जाता सांगावयाचे तर, शेतीच्या माफीत बसत नाहीत.

येथे आणखी एक पाऊल मागे गेले पाहिजे. जमीन कोणाच्या नावावर आहे? पतीच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसाची नोंद झाली नसेल, आणि उताऱ्यावर अजून सासऱ्यांचे किंवा दिराचेच नाव चालत असेल, तर 'हे माझे शेतीचे उत्पन्न' असे मावशींनी लिहावयाचे कशाच्या आधारावर? तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज करणे हे आयकराचे काम नव्हे. पण आयकराचा कागद भरताना ज्या अनेक स्त्रियांना आपले नाव उताऱ्यावर नसल्याचा पहिल्यांदा शोध लागतो, त्यांच्या दृष्टीने करापेक्षा हाच प्रश्न मोठा आहे.

पगाराची बाजू त्या मानाने सरळ आहे. कुटुंबाने थेट नेमले असेल, तर मिळते ते वेतन. राहण्याजेवण्याचे काय, असे गृहिणी विचारतात. पगाराखेरीज मालकाकडून वस्तुरूपाने जे मिळते त्याचीही किंमत वेतनात धरावी, हे कायद्याचे तत्त्व आहे. तथापि रुग्णाच्या खोलीत रात्रभर सावध निजणे ही राहण्याची सोय की कामाचाच एक भाग, याविषयी मतभेद होऊ शकेल. आणि सामान्य पगारात त्याने करात फरकही पडत नाही.

आकडे घेतल्याखेरीज हे मनात ठसावयाचे नाही. मावशींना दरमहा १५,००० रुपये, म्हणजे वर्षाचे १,८०,००० मिळतात. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत ४,००,००० रुपयांपर्यंत कर नाही, आणि शेतीचा वाटा या मोजणीत धरला जात नाही. तेव्हा त्यांच्यावर विवरणपत्र भरण्याची सक्तीच नाही.

त्यांच्याऐवजी शिकलेली परिचारिका असेल व दरमहा ४०,००० घेत असेल, तर वेतन होते ४,८०,०००. त्यातून नोकरदारांची ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली, उरले ४,०५,०००. ही रक्कम मर्यादेच्या पाच हजार वर आहे. म्हणून विवरणपत्र भरणे भाग आहे. समजा, तिच्या नावच्या शेतीतून खर्च वजा जाता ३,००,००० आले. आता १९७३ साली राज समितीच्या शिफारशीवरून आलेली एक युक्ती लागू होते. शेतीवर कर घेता येत नाही. पण शेतीमुळे माणसाची ऐपत वाढते, ती दर ठरविताना पाहता येते. म्हणून दोन्ही उत्पन्ने मिळवून ७,०५,००० वर कर काढावयाचा, तो १५,२५०. मग शेतीच्या उत्पन्नात करमाफ मर्यादा मिळवून ७,००,००० वर काढावयाचा, तो १५,०००. फरक २५० रुपये, हा कर. आणि बारा लाखांच्या आतील उत्पन्नाला जी सूट आहे, तीत हे अडीचशेही जिरून जातात. एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हटले तर त्यास दोष देता येणार नाही. पण कर शून्य झाला म्हणून शेतीचा रकाना कोरा ठेवावा, असे मात्र होत नाही.

त्या रकान्यातच नेहमीची चूक घडते. 'सहज' नावाचा विवरणपत्राचा पहिला नमुना सर्वांत सोपा, म्हणून लोक तोच उचलतात. परंतु शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असल्यास तो चालत नाही. वेतनदाराला दुसरा नमुना घ्यावा लागतो. त्यात करमाफ उत्पन्नाचे वेगळे परिशिष्ट आहे. शेतीचे उत्पन्न पाच लाखांच्या वर गेले, तर जिल्हा, पिनकोड, जमिनीचे क्षेत्र, ती स्वतःची की खंडाने घेतलेली, बागायत की कोरडवाहू, हेही तेथे भरावे लागते. नमुना चुकला, तर विवरणपत्र सदोष ठरवून दुरुस्तीची सूचना येते.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांना हे सारे उलटे वाटेल. तेथे शुश्रूषेचा मोबदला स्वतःच करमाफ असू शकतो. ३ जानेवारी २०१४ च्या एका सरकारी सूचनेने असे ठरले की, अपंग वा दुर्बल माणसाची शुश्रूषा करणारा त्याच्यासह एकाच घरी, आपल्या स्वतःच्या घरी राहत असेल, आणि राज्याच्या मेडिकेडच्या विशिष्ट योजनेतून त्याला पैसे मिळत असतील, तर त्यांवर कर नाही. मग ती अपंग मुलाची आई का असेना. तेथेही विवरणपत्रात रक्कम गाळावयाची नसते; आधी मिळकतीत धरून पुढे तितकीच वजा दाखवावयाची असते. ती लिहिण्याचा लाभ २०१९ साली दिसून आला. तेथील कर न्यायालयाने असे ठरविले की, ही करमाफ रक्कम कष्टाची मिळकत म्हणून धरून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणाऱ्या सवलती मागता येतात.

आपल्याकडे नातलगांनी केलेल्या शुश्रूषेला असा स्वतंत्र विचार नाही, भेटीचा आहे. आजारी आत्येजवळ राहणाऱ्या भाचीला आत्येने प्रेमाने लाख रुपये दिले, तर ते करमाफ आहेत. पण तीच आत्या भाचीच्या घरी येऊन तिच्या आईची सेवा करू लागली, आणि भाचीने आत्येला लाख रुपये दिले, तर वर्षाची ५०,००० ची मर्यादा ओलांडल्याने सगळी रक्कम आत्येच्या करपात्र उत्पन्नात येते. कारण घेणाऱ्याच्या बाजूने पाहता आईवडिलांची भावंडे कायद्याच्या नात्यांच्या यादीत आहेत, भावंडांची मुले नाहीत. आणि सेवेची रक्कम आधी ठरवून दिलेली असेल, तर तिला भेट म्हणणेच मुळी खोटे. तो मोबदला झाला.

मावशींच्या मनात खरी भीती मात्र वेगळीच असते. विवरणपत्र भरले तर पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० रुपये बंद होतील, असे गावात कोणीतरी सांगितलेले असते. त्या योजनेतून ज्यांनी मागील करनिर्धारण वर्षी आयकर भरला ते वगळले जातात. शून्य कराचे विवरणपत्र देणे म्हणजे कर भरणे नव्हे. उलट, विवरणपत्र न दिल्याने हक्काचे पैसे बुडतात अशीही स्थिती असते. मावशी ब्यूरोमार्फत आलेल्या असतील, तर काही ब्यूरो पगार न म्हणता कंत्राटाचे पैसे म्हणून देतात व शेकडा एक रुपया कापून सरकारात भरतात. पॅन दिला नसेल, तर शेकडा वीस. ही कपात वार्षिक माहिती विवरणात मावशींच्या नावे दिसते, आणि ती परत मिळविण्यास विवरणपत्राखेरीज मार्ग नाही. अशा वेळी ते पैसे वेतन राहत नाहीत, ७५,००० ची वजावट मिळत नाही आणि नमुनाही बदलतो. म्हणून ब्यूरोकडून आधी एवढे विचारून घ्यावे की, आमची नोंद कोणत्या नावाने आहे.

घरमालकांनी करावयाचे काम थोडे आहे. पगार शक्यतो बँकेतून द्यावा, आणि वर्षाअखेर एका कागदावर महिनावार रक्कम लिहून सही करून द्यावी. मावशींनी सातबारा, पीकपाहणीची नोंद आणि बाजार समितीतील विक्रीच्या पट्ट्या दिराकडून मागवून जवळ ठेवाव्यात. पट्टी दिराच्या नावे असेल, तर आपला वाटा किती आला हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. विवरणपत्र दाखल केल्यावर तीस दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी लागते, आणि ती बहुधा आधारशी जोडलेल्या फोनवर येणाऱ्या आकड्यांनी होते. तो फोन पुष्कळदा गावी मुलाच्या खिशात असतो. तेव्हा मुलगा शेतातून घरी आलेला असेल अशी वेळ पाहूनच संध्याकाळी हे काम काढावे.